पोळी सोडू नका, आधी रक्त तपासा

गहू सोडण्याचा सल्ला मला एका लग्नाच्या पंगतीत मिळाला. शेजारच्या पानावरच्या मावशींनी माझा चेहरा आणि पानातली अर्धी राहिलेली जिलबी पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, पोळी बंद कर. आमच्या सुनेला महिन्यात गुण आला." दुसऱ्या दिवसापासून पोळी बंद. गुण आलाही. पोट हलकं झालं, दुपारी तीनच्या सुमारास डोक्यावर येणारं धुकं विरलं. चार महिने मी खुशीत होते. मग पोटविकारतज्ज्ञांकडे गेले, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "सध्या गहू खाताय का?" मी अभिमानाने "अजिबात नाही" म्हटलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

गहू बंद असताना सीलिॲकची (गव्हामुळे लहान आतडं बिघडवणाऱ्या आजाराची) तपासणी केली, तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. त्यामुळे त्रास होणार हे माहीत असताना मला पुढचे सहा आठवडे रोज पोळ्या खाव्या लागल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

शेवटी माझं निदान ग्लूटेन संवेदनशीलता असं झालं. इंदूरच्या माझ्या बहिणीच्या मुलीला मात्र सीलिॲक आहे. दोन्ही स्वयंपाकघरांत मी वावरले आहे. दोघींच्या पानात भाकरीच असते, पण त्या भाकरीपर्यंत पोचायचे नियम फार वेगळे आहेत.

१. तीन आजार, तीन नावं

ग्लूटेन हे गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक परदेशी धान्य) या धान्यांतलं प्रथिन. कणकेचा गोळा ताणला तरी तुटत नाही तो याच्यामुळे, आणि ज्वारीची भाकरी पोळीसारखी सहज लाटता येत नाही ती हे नसल्यामुळे.

सीलिॲकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, अन्नरस शोषून घेणारी. ती झडून सपाट होते. मग लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही. माझ्या भाचीचं पोट कधीच दुखलं नाही! नवव्या वर्षी तिची उंची वाढायची थांबली आणि लोहाच्या बाटल्यांमागून बाटल्या संपवूनही हिमोग्लोबिन हलेना, तेव्हा कुठे डॉक्टरांना संशय आला.

गव्हाची ॲलर्जी हा तिसराच प्रकार. त्यात काही मिनिटांत ते दोन-एक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो. असं काही झालं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि ॲलर्जीतज्ज्ञांकडे जा. घरी प्रयोग करायचा नाही.

संवेदनशीलता म्हणजे गहू खाल्ल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पोट फुगणं, दुखणं, डोकं जड होणं, थकवा, पण आतड्याची लव शाबूत आणि ॲलर्जीही नाही. तिच्यासाठी खात्रीची रक्ततपासणी आजही नाही. बाकीचे दोन वगळले की उरते ती ही. म्हणून "मला ग्लूटेनचा त्रास आहे" हे वाक्य सगळ्यात शेवटी म्हणायचं असतं. मी ते सगळ्यात आधी म्हणाले.

पोट माझं दुखायचं, भाचीचं कधीच नाही, आणि आतडं मात्र तिचं खराब होतं. किती दुखतंय यावरून आत काय चाललंय हे ठरवू नका.

२. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

- जुने सगळे रक्ताचे अहवाल: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ब-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड
- आधी दुर्बीण (एंडोस्कोपी) घातली असेल तर तिचा अहवाल
- चालू औषधांची यादी, त्यात काढे-चूर्णंही
- घरात कोणाला सीलिॲक, टाइप-१ मधुमेह किंवा थायरॉइडचा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार आहे का, याची माहिती
- दोन आठवड्यांची वही: काय खाल्लं, किती वाजता, काय झालं

वही मोबाइलमध्ये ठेवली तरी चालेल, पण वेळ लिहाच. "पोट बिघडलं" यापेक्षा "साडेनऊला पावभाजी, पहाटे चारला कळ" हे डॉक्टरांना जास्त कामाचं असतं.

वजन आपोआप घटतंय, शौचातून रक्त जातंय, रात्री झोपेतून उठवणारी कळ येते, किंवा रक्तक्षय आहे, तर हे पहिल्या वाक्यातच सांगा. मीठमसाला नंतर.

आपल्याकडे हा आजार तितकासा डोळ्यांसमोर नसतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या पाहणीत सीलिॲकचं प्रमाण उत्तरेत शंभरी एकाच्या वर, तर दक्षिणेत हजारी एकाच्या आसपास निघालं. या फरकामागचं एक मोठं कारण म्हणजे ताटातला गहू. महाराष्ट्रात दोन पिढ्यांमागे अनेक घरांत पोळी सणावारीच व्हायची, आता ती दोन्ही वेळा असते. तेव्हा "सीलिॲकची तपासणी करायची का?" असं आपण विचारलं तर आगाऊपणा होत नाही.

३. कोणत्या तपासण्या, कोणत्या क्रमाने

पहिली रक्ताची: टीटीजी-आयजीए, म्हणजे सीलिॲकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं. तिच्यासोबत एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजून घ्या. काही लोकांच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं. त्यांचा टीटीजी-आयजीए अहवाल निर्दोष दिसतो आणि फसवतो.

टीटीजी वाढलेलं आलं की बहुतेक वेळा दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे काही तुकडे तपासायला घेतात. ऐकायला भीतीदायक, प्रत्यक्षात काही मिनिटांचं काम. उपाशीपोटी जावं लागतं, गुंगीचं औषध दिलं तर सोबत कोणीतरी न्यावं लागतं. तुकडे एकाहून जास्त ठिकाणचे घ्यावे लागतात, कारण लव सगळीकडे सारखी झडलेली नसते.

या दोन्ही तपासण्या होईपर्यंत गहू चालू ठेवायचा. आधीच सोडला असेल तर डॉक्टर पुन्हा सुरू करायला सांगतात. मला रोज दोन पोळ्या, सहा आठवडे, असं सांगितलं होतं. एका मध्यम पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. तुमचं प्रमाण आणि मुदत डॉक्टर ठरवतील.

ज्यांना पुन्हा गहू खाणं अगदीच अशक्य आहे, त्यांच्यासाठी एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकांची तपासणी आहे. ती गहू बंद असतानाही करता येते. दोन्ही जनुकं नसतील तर सीलिॲक जवळपास नाहीच. असतील तर मात्र घाबरू नका. ती कित्येक निरोगी लोकांतही सापडतात आणि त्यातल्या फार थोड्यांना हा आजार होतो.

इथला सापळा: "शंभर पदार्थांची असहिष्णुता तपासणी" नावाची पॅकेजं. त्यात बहुधा आयजीजी हा प्रतिपिंडांचा दुसराच प्रकार मोजतात. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता याची खूण, त्याने त्रास होतो याचा पुरावा नाही. माझ्या अहवालात गव्हाबरोबर दूध, हळद आणि नारळही लाल रंगात आले होते. कोकणातल्या माहेरी हा कागद दाखवला असता तर आईने मलाच घराबाहेर काढलं असतं.

घरात एकाला सीलिॲक निघालं की आई-वडील, भावंडं आणि मुलांचीही रक्ततपासणी करून घ्या, लक्षणं असोत वा नसोत. माझ्या बहिणीची केली, ती निर्दोष निघाली.

४. अहवाल निर्दोष आले. आता गहू सोडून बघा

हा टप्पा फक्त सीलिॲक आणि ॲलर्जी वगळलेल्यांसाठी.

सहा आठवडे गहू, जव, राय पूर्ण बंद. सगळ्यात जास्त छळणारी दोन-तीन लक्षणं निवडा आणि त्यांना रोज रात्री एक ते दहा असे गुण द्या. २०१५ मध्ये इटलीतल्या सालेर्नो शहराच्या नावाने या निदानाचे निकष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार मुख्य लक्षण निदान तीस टक्क्यांनी कमी व्हायला हवं, आणि तेही निदान निम्मा काळ. "जरा बरं वाटतंय" धरायचं नाही.

मग खरी परीक्षा: गहू पुन्हा खाऊन त्रास परत येतो का ते पाहणं. इथे मन फार खेळ करतं. पोळी समोर दिसली की माझं पोट आधीच फुगायला लागायचं. म्हणून आम्ही घरात एक युक्ती केली. माझ्या सांगण्यावरून जाऊबाईंनी दोन आठवडे रोज मला थालीपीठ करून दिलं, एक आठवडा त्यात कणीक घालून, एक आठवडा न घालता. कोणता आठवडा कुठला, हे फक्त त्यांच्या डायरीत. मध्ये एक आठवडा विश्रांती. तिखट, तीळ आणि कोथिंबीर इतकी की चवीवरून ओळखणं अशक्य. थालीपीठात कांदा मुद्दाम नव्हता, का ते पुढच्या भागात. दवाखान्यातल्या काटेकोर चाचणीची सर याला नाही, पण "वाटतं" आणि "होतं" यातला फरक कळायला पुरेसं आहे.

माझा निकाल? कणकेच्या आठवड्यात त्रास झाला, पण मी समजत होते त्याच्या निम्म्याने.

५. उरलेला निम्मा त्रास कुठून येतो

याचं उत्तर मला सासूबाईंच्या चातुर्मासाने दिलं. आमच्याकडे कांदेनवमीला भजी-थालीपिठांचा फडशा पाडला की कांदा-लसूण थेट कार्तिकी एकादशीनंतर. जुनी वही चाळताना लक्षात आलं, की दरवर्षी याच चार महिन्यांत माझं पोट शहाण्यासारखं वागतं. पोळी तर तेव्हाही चालूच असायची.

गव्हात ग्लूटेनशिवाय फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकं असतात. ती माणसाच्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. हीच फ्रुक्टॅन कांद्यात आणि लसणात ठासून भरलेली असतात. नॉर्वेत ५९ जणांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे स्वतःला ग्लूटेनचा त्रास आहे असं मानणारे, सीलिॲक नसलेले लोक होते. त्यांना दिसायला सारख्याच वड्या दिल्या: एकीत ग्लूटेन, दुसरीत फ्रुक्टॅन, तिसरीत दोन्ही नाही. सरासरीने सगळ्यात जास्त पोट बिघडवलं ते फ्रुक्टॅनने.

म्हणून गहू सोडूनही पोट पूर्ण शांत होत नसेल तर चार आठवडे कांदा-लसूण बंद करून बघा. शक्यतो आहारतज्ज्ञाच्या मदतीने, कारण अशा आंबणाऱ्या पदार्थांच्या यादीत पुढे राजमा, छोले, काही फळं, दूधही येतं आणि माणूस भराभर सगळंच सोडत सुटतो. यावर ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने बरंच काम केलंय. "कमी फॉडमॅप आहार" या नावाने ते ओळखलं जातं (फॉडमॅप म्हणजे फ्रुक्टॅनसारखी आतड्यात आंबणारी कर्बोदकं).

एक सोय आहे. फ्रुक्टॅन तेलात उतरत नाहीत. फोडणीत अख्ख्या लसणाच्या पाकळ्या तांबूस करा आणि काढून टाका, वास राहतो, त्रास जातो. पाकळ्या आमटीत पडू द्यायच्या नाहीत, कारण पाण्यात फ्रुक्टॅन उतरतात.

६. स्वयंपाकघर: तुमचं कोणतं?

संवेदनशीलतेत पोळीच्या तव्यावर भाकरी भाजली तर आभाळ कोसळत नाही. तवा पुसा आणि भाकरी टाका. कधी लग्नात पुरणपोळीचा घास खाल्ला तर दुसरा दिवस वाईट जाईल, आतडं झडणार नाही. किती गहू सोसतो ही तुमची मर्यादा तुम्हीच हळूहळू शोधायची.

सीलिॲकमध्ये "थोडंसं" हा शब्दच नाही. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन, म्हणजे पोळीचा चिमूटभर तुकडा, काही महिन्यांत आतड्याला इजा करायला पुरतो. पथ्य जन्मभराचं. बहिणीच्या घरी हे सगळं वेगळं आहे:

- लाकडी पोळपाट-लाटणं आणि काठवट (लाकडाच्या भेगांत कणीक बसते)
- तवा, पिठाची चाळणी, झारा, तळणीचं तेल
- पिठांचे डबे, सगळ्यात वरच्या फळीवर, म्हणजे कणीक त्यांवर सांडणार नाही
- तूप-लोण्याची वाटी, कारण पोळी लावलेला चमचा त्यात परत जातो

भाचीची भाकरी आधी होते, घराच्या पोळ्या नंतर. दोन-तीन वर्षांत हे अंगवळणी पडलं. टीटीजी सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा तपासलं, ते उतरत गेलं. आणि एका वर्षात ती माझ्या खांद्याला लागली!

गिरणी हा स्वतंत्र विषय. ज्वारी दळायच्या आधी जात्यात कुणाचा गहू गेला असेल तर सुरुवातीचं पीठ मिश्रच निघतं. मला ते चालतं. सीलिॲकवाल्यांनी घरगुती चक्की घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. बेसन विकत आणण्यापेक्षा डाळ निवडून घरीच दळलेली बरी.

७. गहू कुठे कुठे लपतो

रवा, मैदा, शेवया, लापशी हे सगळ्यांना माहीत. फसवतात ते हे:

हिंग. डबीतल्या पूड हिंगात बहुतेकदा मैदा मिसळलेला असतो. खडा हिंग किंवा तांदळाच्या पिठातला हिंग घ्या, पुडीवरचे घटक वाचून. हा एक बदल केल्याशिवाय सीलिॲकवाल्यांचं वरण, सांबार, लोणचं, पापड, काहीच सुरक्षित नाही.

मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. दोन्हींत बहुतेकदा गहू असतो. घरी गव्हाशिवाय भाजा, फारसा फरक पडत नाही. सातूच्या पिठातही गहू किंवा जव असतो.

कुरडया. पानात पापडाशेजारी निरागस दिसतात, पण त्या गव्हाच्या चिकाच्या.

खपली गहू. "खपलीत ग्लूटेन नसतं" हे मी आजवर किमान पाच जणांकडून ऐकलंय, त्यात एक दुकानदार. खपली हा गहूच. त्यात ग्लूटेन असतं आणि सीलिॲकला तो वर्ज्य आहे.

नाचणीची बिस्किटं, मल्टिग्रेन आटा. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. पहिलं नाव मैद्याचं किंवा गव्हाचं असेल तर समोरचं नाचणीचं कणीस फक्त चित्र आहे.

माल्ट असलेली दुधात घालायची पावडर (माल्ट म्हणजे बहुधा जव), सोया सॉस, बीअर, पाकिटातली सूपं. ओट्समध्ये स्वतःचं ग्लूटेन नसतं, पण शेतात आणि कारखान्यात गहू मिसळतो. ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच घ्या.

भारतात पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही, असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे. परदेशात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, "व्हीट-फ्री" म्हणजे ग्लूटेन-फ्री नव्हे. त्यात जव असू शकतो.

८. मग खायचं काय

आपलं नशीब चांगलं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, पोहे. उपवासाचा फराळ जवळपास सगळाच चालतो, त्यामुळे माझी एकादशी आता आठवड्यातून दोनदा येते. मात्र साबुदाणा आणि भातावरच दिवस काढू नका. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तिला रोज कुठेतरी जागा द्या, आंबील, भाकरी किंवा घावन.

भाकरी जमत नाही म्हणून लोक महागड्या ग्लूटेन-फ्री ब्रेडकडे वळतात. पीठ ताजं दळा. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. सुरुवातीला उकड काढा: एक वाटी पाणी उकळून त्यात एक वाटी पीठ घाला, झाकण ठेवून दहा मिनिटांनी गरम असतानाच खूप मळा. अशा पिठाची भाकरी लाटतासुद्धा येते. माझ्या पहिल्या वीस भाकऱ्यांना नकाशे म्हणत होते घरचे.

९. बाहेर पडल्यावर

हॉटेलात "ग्लूटेन नको" म्हटलं की वेटर मान डोलावतो आणि नान आणतो. "गहू, मैदा, रवा नको" म्हणा. वडापावातला वडा मला चालतो, पाव नाही. सीलिॲकला वडाही नको, कारण त्याच तेलात समोसे तळलेले असतात. भाची प्रवासात खाकऱ्यासारख्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी नेते.

सर्वांत अवघड जागा म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद. नाही म्हणवत नाही, आणि शिरा तर रव्याचा. मी बोटाच्या टोकावर कणभर घेते. बहिणीने गुरुजींनाच विचारलं, तर ते म्हणाले, "केळं ठेवा की नैवेद्याला." आता शेजारपाजारच्या पूजेतही भाचीसाठी केळ्याची वेगळी वाटी येते, शिऱ्याचा चमचा न लागलेली.

१०. वर्षाने पुन्हा विचारा

हे फक्त संवेदनशीलतेसाठी. वर्षभराने थोडा गहू पुन्हा खाऊन बघा, तीच गुणांची वही काढून. मी आता रविवारी एक पोळी खाते आणि सोमवारी ठीक असते. दोन खाल्ल्या तर नसते.